कडीची शिकवणी

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, ही सबंध लातुरातली एकच बाई, जिच्यासमोर माणसाने चहा पिऊ नये. आपण बशी तोंडाला लावावी, तर ही आपलं मनगट निरखत बसलेली. "पाव्हणं, आंगठा आखडलाय तुमचा. उद्यापासून कणीक तुम्ही मळा." मी हसलो, बायको हसली नाही. तेव्हापासून आमच्या घरी कणीक मीच मळतो. अंगठा सुधारला, हे अक्काला अजून सांगितलेलं नाही.

ती नागपूरला व्यवसायोपचार शिकून आली, पण बोली आपल्या लातूरजवळच्या मुरुडचीच ठेवली. तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि जो तो नोकरीचा अर्ज घेऊन फिरत होता. दवाखान्यातल्या तिच्या दारावरच्या पाटीत ‘व्यवसाय’ एवढंच वाचून बेकार पोरं तिथंही रांग लावायची. अक्का त्यांना रोग्यांसोबत सुतळी वळायला बसवायची. तिचं शास्त्र साधं होतं: रोजचं काम हाती परत आलं, की माणूस जाग्यावर येतो.

मग दुष्काळ पडला आणि एसटी स्टँडवर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं येऊन पडली. तिथंच सगळे ज्यांना ‘मामा’ म्हणायचे असे एक गृहस्थ होते, दुष्काळाच्याही आधीपासून स्टँडवरच राहणारे. अक्काने एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकामागे तगादा लावून त्यांना मागची खोली मिळवून दिली. व्यवस्थापक म्हणाला, "राहिले तर त्यांची. महिन्याअखेर बघायला येतो, नाहीतर दुसऱ्याला देईन." आणि मामा खोली सताड उघडी टाकून रोज स्टँडवर झोपायला जात!

"सवय, दुसरं काय," मी म्हणालो.

"सवय न्हाई पाव्हणं. घरात ऱ्हायचं बी हाताला यावं लागतं."

मग शिकवणी सुरू झाली. आधी नुसती कडी लावायची आणि काढायची. मग स्टोव्ह पेटवायचा, टँकर आला की आपली घागर नंबराला लावायची. मामा कुरकुरत, "बाई, आत कोंडल्यावानी हुतंय." "व्हय? मग एक कवाड उघडं ठेवा, अन् उंबऱ्याशी बसा. उद्या जरा आत." पाहुण्याला चहा देण्याच्या सरावासाठी पाहुणा म्हणून मला नेलं जाई. मामांनी साखरेऐवजी मीठ घातलेला चहा मी मुकाट प्यायलो आहे. पाण्याचे असे हाल असताना ओतून कसा टाकणार?

महिनाअखेरीला सकाळी व्यवस्थापक आला. तो, अक्का आणि मी खोलीवर गेलो, तर दार बंद. "गेले तुमचे मामा," तो म्हणाला. अक्काचा चेहरा उतरला. तिने हळूच कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन हाय? जरा दम धरा, यायलोय."

व्यवस्थापकाला घाई होती. त्याने दार ढकलायला हात पुढे केला, तसा अक्काने तो धरला. "थांबा. त्यांचं घर हाय. ते उघडतील तवा जाऊ."

मामा आता नाहीत. अक्काही थकली. पण मला ती आठवते ती तशीच, सकाळच्या उन्हात दुसऱ्याच्या बंद दारापुढे डोळे पुसत, आनंदाने ताटकळत उभी असलेली.