मामांचं विमान आणि सातची बैलगाडी

विमानात एकदाही न बसता विमानाच्या धंद्यातलं सगळं कळलेला माणूस साऱ्या जगात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. हे मामा भूमच्या दूध संघात सुपरवायझर होते. खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांनी दुधाचे कॅन फाट्यावर आणायचे, फाट्यावरून संघाच्या टेम्पोनं भूमला न्यायचे आणि भूमहून मोठ्या टँकरनं शहराकडे धाडायचे, हे त्यांचं काम. त्यात विमान कुठून घुसलं, असं कुणीही विचारेल. मुंबईच्या विमानतळावर सामान चढवणारा त्यांचा एक पुतण्या होता. तो जत्रेला गावी आला आणि बोलता बोलता सांगून गेला, की लहान गावांच्या खेपा आता मोठी विमान कंपनी स्वतः मारणार नाही, लहान कंपनीकडून मारून घेणार. पुतण्या दोन दिवसांनी मुंबईला गेला, पण ते वाक्य मामांच्या डोक्यात कायमचं मुक्कामाला राहिलं.

त्या दिवसापासून मामांना दुसरा विषय उरला नाही. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. बाजारात उभी असलेली सगळी माणसं माना वर करून ढग शोधायची, आणि त्यांच्यात एकटे मामा विमान शोधायचे. आभाळ स्वच्छ असल्यामुळे त्यांची चंगळ होती. लांबून घरघर ऐकू आली की ते बोलणाऱ्याला हातानं गप्प करायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "हे भरल्यालं हाय. आवाज जड हाय बघा." एखादं विमान हलक्या आवाजानं गेलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "खाली चाललंय. पर टायमाला चाललंय!" रिकाम्या विमानाचा माणसाला एवढा आनंद कसा होतो, हे मला कळायचं नाही. बाजारातल्या लोकांनाही कळायचं नाही, पण तासाभराच्या उन्हात तेवढीच करमणूक म्हणून तेही कान लावून उभे राहायचे. एसटीत बसले तर मामा कंडक्टरला पहिला प्रश्न विचारणार, "ही गाडी तुमची सोताची, का दुसऱ्याची चालवता?" बिचारा कंडक्टर खिशातून ओळखपत्र काढून दाखवायचा.

दुसरं वेड घड्याळाचं. ते मनगटावर शर्टाच्या बाहीवरून घड्याळ बांधायचे, म्हणजे बाही मागे सारण्यात वेळ जायला नको. कुणी भेटला की रामराम घालायच्या आधी घड्याळ बघायचे. माझ्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून त्यांचाच आवाज आला होता, "भटजीबुवा, चार मिंटं उशीर!" आपल्याच लेकीच्या लग्नात वराकडच्यांपेक्षा जास्त घाई करणारा वधूपिता मी दुसरा पाहिला नाही.

लग्नानंतर धोंड्याचा महिना आला, तेव्हा सासूबाईंनी मला रीतीप्रमाणे जेवायला बोलावलं. दुष्काळातही त्यांनी कुठून तरी हरभऱ्याची डाळ आणि गूळ जमवून पुरणाचे धोंडे केले होते. मी पाटावर बसलो. मामांनी माझ्या ताटातला एक मोठा धोंडा उचलून मधोमध ठेवला. "ही मुंबई." दुसरा जरा बाजूला ठेवला. "हे पुणं." मग एक लहानसा धोंडा अगदी ताटाच्या काठावर नेऊन ठेवला. "आन् हे आपलं भूम. आता ध्यान द्या, जावईबापू. मोठ्या इमानात दीडशे माणूस. भूमला येणारी धा. धा माणसांपायी मोठं इमान उतरवलं तर नुस्कान. म्हून मोठी कंपनी लहान कंपनीला म्हणती, ही खेप तू मार. तिकीट माझं, नाव माझं. इमान तुझं, डायवर तुझा. खेपेमागं ठरल्यालं मिळंल. शिटा भरू देत नायतर खाली जाऊ देत, ते मी बघून घेते. तू फकस्त टायमाला सुट."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचो. त्यामुळे न राहवून विचारलं, "मामा, रिकामं विमान नेलं तरी लहान्याला तेवढंच मिळणार?"

"तेवढंच."

"मग तो माणसं कशाला घेईल? रिकामंच नेईल की."

मामांनी पुणं उगाच जरा सरळ करून ठेवलं. मग म्हणाले, "तुमी मास्तर हैत, म्हून तुमाला असल्या शंका येतेत."

"बरं, यात लहान्याचा फायदा काय?"

"तो बुडत न्हाय."

"आणि मोठ्याचा?"

"गाव तुटत न्हाय," मामा म्हणाले आणि काठावरचा धोंडा बोटानं आणखी थोडा आत सरकवला.

"अवो, इमानं पोटात गेल्यावर सांगा की," सासूबाई आतून ओरडल्या. "गार व्हायलेत." तोवर खरंच गार झाले होते. मी मुंबई, पुणं आणि भूम असं सगळं संपवलं, पण विमानाचं गणित काही पोटात उतरलं नाही.

माझी शाळा आणि बिऱ्हाड ज्या गावात होतं ते गाव भूम-परंडा रस्त्याच्या फाट्यापासून तीन कोस आत. आत एसटी येत नव्हती. संघाची दुधाची बैलगाडी सकाळी चावडीपुढून निघायची आणि फाट्यावर जायची, तेवढाच काय तो जगाशी संबंध. ज्याला दवाखान्याला, बाजाराला जायचं तो कॅनच्या मधे अंग चोरून बसायचा. दुष्काळात चारा संपला, जनावरं आटली, आणि बारा कॅनचे दोन कॅन झाले. गाडीवानाला लिटरमागे मिळायचं. दोन कॅनसाठी तीन कोस जाणं त्याला परवडेना. गाडी बंद करायची, असं संघात घाटू लागलं. आणि नेमकं त्याच सुमारास माझ्या बायकोला दिवस गेले.

तीन-चार महिन्यांनी गाडीचा विषय संचालकांच्या सभेत निघाला, तेव्हा इतिवृत्त लिहायला अक्षर चांगलं म्हणून मामांनी मलाच बसवलं होतं. मामा उभे राहिले आणि सांगू लागले, की या गाडीला लिटरमागे देऊ नका, खेपेमागे द्या. सात वाजता सुटली पाहिजे आणि नऊला फाट्यावर पोचली पाहिजे, एवढीच अट घाला. पण हे एवढं सरळ सांगतील तर ते मामा कसले? त्यांनी मुंबईपासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं कुणालाच काही समजेनासं झालं. एका संचालकांनी विचारलं, विमान गावात उतरल्यावर बैल बुजतील का? दुसरे म्हणाले, धावपट्टीला माझं रान मिळणार नाही, हे आत्ताच लिहून घ्या. अध्यक्ष डोकं धरून बसले होते. ते म्हणाले, "आता ह्ये मंजूर न्हाय केलं, तर परत पयल्यापासून सांगतेल. मंजूर म्हणा अन् चहा आणा." मीही गोंधळलोच होतो. त्या भरात मी स्वच्छ अक्षरात लिहून टाकलं, "विमानाप्रमाणे बैलगाडी चालवावी, असे सर्वानुमते ठरले."

पुढं जे झालं ते मी ताटावर बसून सांगितलं होतं तसंच झालं. गाडीवान हुशार निघाला. कॅन दोन असोत की शून्य, त्याला तेवढंच मिळणार होतं, आणि कॅन नसले तर बैल कमी दमणार होते. उशीर मात्र चालणार नव्हता. त्यामुळे सातचा ठोका पडला की तो कासरा ओढायचा. म्हातारी पार्वताबाई शेरभर दुधाची चरवी घेऊन "आरं थांब, थांब की बाबा" करत मागं पळायची, आणि हा मागं न बघता सांगायचा, "मावशे, साहेबाचा हुकूम हाय. टायम!" थोड्या दिवसांत लोक दूध घालायचे थांबले. दूध संघाची बैलगाडी रोज सातला रिकामी सुटायची, नऊला फाट्यावर रिकामी पोचायची, आणि फाट्यावर मामा बाहीवरचं घड्याळ बघून वहीत टिपायचे, "वेळेवर." सगळा तालुका हसत होता. हसणाऱ्यांत मी पुढं होतो, हे कबूल केलं पाहिजे. बायकोला म्हणायचो, "तुझे आण्णा बैलांना व्यायाम देतात." ती हसायची नाही. तेव्हा मला वाटायचं, माहेरची बाजू घेते आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. पुढच्या बाजारच्या दिवशी तिला भूमला पोचवायचं ठरलं होतं. पण दिवस भरायच्या तीन आठवडे आधीच, सकाळी चहा ठेवताना तिच्या पोटात कळ आली. शेजारच्या सुईणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, हे माझ्या आवाक्यातलं न्हाय. दवाखाना गाठा." पावणेसात वाजले होते. बाहेर येऊन बघतो तर चावडीपुढं गाडी उभी. कॅन एकही नाही. आत बोटभर जाड कडबा पसरलेला, वर घोंगडी. बायकोला आणि सुईणबाईंना वर चढवलं. मी कपड्यांचं गाठोडं आणायला घरात गेलो, कुलूप लावलं आणि वळलो तर गाडी निघालेली. "अरे थांब!" मी ओरडलो. "मास्तर, सात!" पुढून आवाज आला. गाठोडं काखेत धरून मी पार्वताबाईसारखा गाडीमागं धावलो आणि ओढ्याच्या वळणावर कसाबसा लटकलो.

अर्ध्या वाटेत कळा जरा थांबल्यावर बायको थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाचं सांगू लागली, "आक्काच्या वक्ताला फाट्यावर जीप हुती. भरल्याबिगर सुटना झाली. तीन शिटा कमी हैत म्हणला. आण्णा पाया पडले त्याच्या. दोन तास. आक्काचं लेकरू तिथंच, फाट्यावर गेलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तवापासनं आण्णा घड्याळ बाहीवरून बांधतेत."

माझ्या लग्नाच्या आधीची ही गोष्ट. मला कुणी सांगितली नव्हती आणि मी कधी विचारली नव्हती. मी मान खाली घालून कडब्याच्या काड्या मोडत बसलो. मला माझी लाज वाटली.

फाट्यावर टेम्पो उभा होता आणि टेम्पोपुढं मामा. गाडी वळणावर दिसली तशी त्यांनी सवयीनं आधी घड्याळ बघितलं, वही उघडली, आणि मग त्यांना गाडीत कोण आहे ते दिसलं. वही खाली पडली. ती मीच उचलली. भूमच्या दवाखान्यात आम्ही पोचलो आणि तासाभरात मुलगी झाली. आणखी तास गेला असता तर दोघींचं काही खरं नव्हतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मामा व्हरांड्यात बाकावर बसून रडत होते.

पुढच्या सभेत व्हायचं ते झालंच. चार महिने रिकामी गाडी फिरवली म्हणून गाडी बंद झाली, आणि मामांची सुपरवायझरकी जाऊन त्यांना कॅन धुण्याच्या खात्यात घातलं. संघाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांचं नुकसान खरंच झालं होतं. इतिवृत्ताला मीच बसलो होतो. अध्यक्ष म्हणाले, "तुमाला काय सांगायचंय का? पर इमानाचं सोडून." मामा उठले. आता मुंबईपासून सुरुवात होणार म्हणून सगळे पुढं सरकून बसले. मामांनी घड्याळाकडे बघितलं नाही, वर आभाळाकडे बघितलं नाही.

"रोज खाली न्हाय आली," ते म्हणाले. "एक दिवस भरून आली हुती."

आणि खाली बसले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या विमानाचं गणित मला अजूनही उलगडलेलं नाही. कुणाचं तिकीट, कुणाचं विमान, कोण कुणाला देतं आणि का, सगळा गोंधळच आहे. पण त्या दिवशी त्यांचं ते वाक्य मी इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवलं. त्यांनी सांगितलेल्यातलं तेवढं एकच मला पूर्ण कळलं होतं.