दार वाजतं तिथपर्यंत

जर्मनीत, एश्बॉर्नला आमच्या खालच्या मजल्यावर एक पुण्याचे गृहस्थ राहतात. दर रविवारी मला चहाला बोलावतात आणि कालप्रवासाच्या एका ब्रिटिश मालिकेचा तोच एक भाग लावतात. त्यात नायक भूतकाळात जाऊन वारलेल्या आईचं दार वाजवतो. तिथे ते टीव्ही बंद करतात. "गेनाऊ, बरोबर इथपर्यंतच."

ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर मागे घेतात. त्या रविवारी मी स्टुलावर चढून त्यांचं घड्याळ मागे करायला गेलो.

"अहो, हात नका लावू!" ते ओरडले. मग पुटपुटले, "एकदा असाच बदल झाला. भारतात घड्याळ बदलत नाही, हे विसरलो. आईला फोन इथल्या नेहमीच्या वेळेला केला, म्हणजे तिकडे तासभर उशिरा. भावाने उचलला. म्हणाला, आत्ताच गेली. तासभर फोन हातात धरून बसली होती."