आत्या पंगतीला का बसत नव्हती

श्रीरामपूरच्या शाळेत शिकवायला लागले आणि थोड्याच दिवसांत माझं पोट बिघडलं. बाहेरचं खाणं बाधलं असेल असं वाटलं. मग शौचातून रक्त जायला लागलं. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं.

"मोठ्या आतड्याला सूज आहे, जखमाही आहेत. घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टर समजावून सांगत होते. तेलकट खाल्लं की ते पचवायला पित्त जास्त सुटतं. त्यातली आम्लं पुढे आतड्यातले जंतू बदलून टाकतात; त्या जंतूंतले काही सूज शमवतात, काही भडकवतात. हा तोल काही घराण्यांत जन्मापासूनच नाजूक असतो. "नुसत्या खाण्यानं हा आजार होतो असं नाही. पण खाण्यानं उसळतो."

ते ऐकताना मला आत्या आठवली.

वडिलांची ही थोरली बहीण खर्ड्याला राहते. जयंतीचं जेवण असो की लग्न, वाढायला सगळ्यांच्या पुढे. पण पंगतीला कधी बसली नाही. घरी जाऊन ताकभात खायची. "आपल्याच माणसांच्या हातचं चालत नाही तिला," असं माझी आईसुद्धा म्हणायची. ज्यांच्या हातचं पाणीही एकेकाळी गावाला चालत नव्हतं, त्या आमच्या घरात याहून जिव्हारी लागणारं बोलणं दुसरं नव्हतं.

त्याच रविवारी वडिलांना घेऊन मी खर्ड्याला गेले. माझं दुखणं आत्याला सांगितलं. ती गव्हातले खडे वेचत होती. हात थांबला.

"रगत पडतं का?"

"हो."

"मला लगीन झाल्यापासनं हाय. तेलाचं खाल्लं की धावावं लागतं. चारचौघांत कुठं जायचं? म्हनून बसतच नव्हते." मग हळूच म्हणाली, "आमच्या दादांना बी हुतं. समद्यांनी मूळव्याध म्हनलं. तसंच गेले."

दादा म्हणजे माझे आजोबा. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"अक्का, मला सांगायचं न्हाई का?"

"तू येतूस, जेवतूस, जातूस. मी काय खाल्लं, कधी इचारलंस?"

वडील उठून अंगणात गेले.

आत्याला आम्ही नगरला आणलं. इतक्या वर्षांच्या सुजेनं आतडं एका जागी आखडलं होतं. तेवढा भाग काढावा लागला. दवाखान्यात वडील तिच्या उशाशी बसून होते. आई रोज मऊ भात करून न्यायची आणि स्वतः चमच्यानं भरवायची.

आता आत्याचा आणि माझा औषधोपचार एकाच डॉक्टरांकडे चालू आहे. माझं कधी बरं असतं, कधी पुन्हा उसळतं. संध्याकाळी तिचा फोन येतो.

"आज दोडका केल्ता, तेल नावाला. पोट गप हाय. तुझं कसं हाय, पोरी?"

असेल ते मी तिला सांगते.