एका फांदीवरचे दोन रंग
लेकीच्या गुटीसाठी मुरुडशेंग सहाणेवर उगाळायला घेतली आणि या शेंगेचं झुडूप जिथे पहिल्यांदा पाहिलं ती मुलुंडची टेकडी आठवली. कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण तिथे रानझुडपांची वर्णनं लिहायला गेलो होतो. एका झुडपाला लालभडक फुलं होती, शेजारच्याला निळसर राखाडी. "या दोन वेगळ्या जाती आहेत," मी म्हणाले. "वेडी आहेस काय गं? पानं बघ ना, दोन्हीकडे सारखीच खरखरीत," ती म्हणाली. वाद घालत, घामाघूम होत आम्ही आत शिरलो, तर एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसले. ताजं फूल लाल होतं आणि कोमेजताना निळं पडत होतं. ती तिथेच नाचायला लागली आणि मीही नाचले. हरताना इतका आनंद मला त्यानंतर कधी झालेला नाही.