सरकीचे दाणे

आमचे मामंजी गिऱ्हाइकाला त्याचा कचरा परत देत असत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. थट्टा नव्हती. जुनी गादी किंवा रजई उसवायची, आतला गोळा झालेला कापूस हाताने मोकळा करायचा, त्यातली धूळ, काड्या, चुकून राहिलेली सरकी वेचायची, मग तो यंत्रात पिंजून धुतलेल्या खोळीत भरायचा आणि टाके घालायचे, एवढंच आमच्या दुकानाचं काम. पण माल न्यायला आलेल्या माणसाच्या हातात मामंजी वर एक कागदाची पुडी ठेवत. "तुमच्या कापसातून हे निघालं," एवढंच म्हणत. माणूस कुतूहलाने पुडी उघडे, तर आत केर. लोक ती कोपऱ्यावर जाऊन टाकून देत. तिथल्या सायकलवाल्याने एकदा येऊन हात जोडले, की काका, पुड्या द्यायच्या तर द्या, पण माझ्या दारात ढीग होतो. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचा नियम एकच होता, ज्याचा कापूस त्याला. दोन गिऱ्हाइकांचा कापूस एका वेळी जमिनीवर यायचा नाही. एकाचं काम झालं की फरशी झाडायची, यंत्राचे दात ब्रशने साफ करायचे, मगच दुसऱ्याचं बोचकं सोडायचं. बाजारातले बाकीचे गादीवाले दिवसाला सहा गाद्या भरत, आम्ही दोन. मी एकदा चिडून विचारलं, की कापसावर काय नाव लिहिलेलं असतं का? ते म्हणाले, माणसं त्यावर जन्मतात, आजारी पडतात, मरतात, अदलाबदल करणारे आपण कोण? असं काही बोलले की त्यांना खोकला येई आणि वाद तिथेच संपे. चाळीस वर्षांचा कापूस त्यांच्या छातीत बसला होता. माझा नवरा मालगाडीवर नोकरीला, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे दुकानात मी, मामंजी आणि त्यांचा खोकला, असे आम्ही तिघंच.

त्या वर्षी टेकड्यांच्या पलीकडे लढाई पेटली आणि तिकडची माणसं आमच्या गावात आली. काही ट्रकमधून, बरीचशी चालत. त्यांना बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात ठेवलं. सिमेंटची जमीन, फुटक्या काचा, आणि भिंतींना इतका जुना साबणाचा वास की पोरं दिवसभर शिंकत. सरकारी घोंगड्या आल्या त्या चाळणीसारख्या. थंडीने त्या साली जरा लवकरच तोंड दाखवलं होतं. सकाळी नळ उघडला तर पाण्याआधी बर्फाचा तुकडा पडे.

मामंजी एक दिवस तिकडे जाऊन आले आणि ताटावर बसून नुसते भात चिवडत राहिले. मग म्हणाले, उद्यापासून गिऱ्हाइकांचं काम बंद. त्या लोकांनी येताना रजया आणल्या आहेत, पण वाटेत भिजून आतला कापूस दगड झालाय. तेवढ्या नीट केल्या तर हिवाळा निघेल. दुसऱ्या दिवशी हातगाडी घेऊन गेले आणि एक्केचाळीस रजया घेऊन आले. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली.

मी म्हटलं, सगळा कापूस एकत्र पिंजू, आठवड्यात काम होईल. ते ऐकेनात. ज्याचा कापूस त्याला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी कारखान्यातलं एक तान्हं मूल थंडीने गेल्याची बातमी आली, आणि मी माझा आवाज चढवला.

"मामंजी, त्या माणसांना रजई हवी आहे. कचऱ्याची पुडी नकोय. झाडा-पुसायला आणि पुड्या बांधायला अर्धा दिवस जातो आपला."

त्यांनी यंत्राचे दात साफ करायचा ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "कापूस एकत्र होणार नाही. पुड्या राहू दे."

माझा विजय झाला. त्या विजयाची मला पुढे किती लाज वाटली ते माझं मला माहीत. निघालेला सगळा केर मी मागच्या अंगणात नेई आणि खोळी धुवायचं पाणी तापवायच्या चुलीत टाकी. सरकी तेलकट, छान पेट घेते. मला तर फुकटचं सरपण मिळाल्यासारखं झालं होतं.

त्या लोकांच्या कापसात सरकी भरपूर होती. घरच्या घरी हाताने सरकी काढलेला कापूस तो, पाच-पंचवीस दाणे राहायचेच. मामंजी एक-एक वेचून काढत. सरकी यंत्रात गेली की फुटते आणि तेलाचा डाग पडतो, म्हणून इतर गादीवालेही मोठेमोठे दाणे काढतात, पण मामंजींच्या रजईवर डोळे मिटून तळहात फिरवला तरी एक खडा लागायचा नाही. हातगाडी भरून रजया परत दिल्या त्या दिवशी बायकांनी त्या उघडून गालाला लावल्या. मामंजी दारात उभे राहून खोकत होते आणि हसत होते. त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी एक आजी दुकानात आली. हातात आमचीच रजई, पिवळी चिंधी अजून बांधलेली. तिची बोली जरा वेगळी होती, पण समजत होती. मी तिला चहा दिला. ती आधी मामंजींच्या कामाचं कौतुक करत राहिली, तक्रार करायला आलेल्या भल्या माणसासारखी. मग तिने विचारलं, की हिच्यातले दाणे तुम्ही काढलेत का?

हळूहळू सगळं कळलं. तिची सहा वर्षांची नात होती. नातीची आई, म्हणजे आजीची लेक, रोज झोपताना पोरीचं बोट धरून रजईवरून फिरवायची. कापडाखाली सरकीचा दाणा लागला की थांबायची. ही आपली विहीर. हे मावशीचं घर. हा चिंचेखालचा दगड. रजई चौकटी-चौकटीने शिवलेली, त्यामुळे दाणे जागचे हलत नसत. बोट घरापाशी पोचेपर्यंत पोर झोपलेली असे. चालत येताना वाटेत लेकीला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. रस्त्याखालून पाणी जायच्या एका मोरीजवळ, कडेला तिला पुरलं. अंगावर हीच रजई होती. ती पोरीला लागेल म्हणून काढून घेतली, आणि हे सांगताना आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. त्यानंतर पोर रोज रात्री स्वतःच बोट फिरवून झोपत होती. आता बोट फिरवते, काही लागत नाही. रजई आपली नाही म्हणते, लाथेने दूर सारते आणि उघड्या सिमेंटवर झोपते. दोन दिवस अंगात ताप आहे.

"ते दाणे ठेवले असतील तर द्या," आजी म्हणाली. "मी बसवीन परत."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या अंगणाकडे पाहिलं. बास, तेवढ्यावर त्यांना समजलं. मूग गिळून मी आजीच्या हातातली रिकामी कपबशी परत घेतली. एरवी माझ्या जिभेला हाड नाही म्हणून सगळं घर मला हसतं.

"आजी, ते मी जाळले," मामंजी म्हणाले. "चूक माझी आहे."

चाळीस वर्षं त्यांनी लोकांना केर परत दिला. एकदा दिला नाही, तो माझ्या हट्टाने, आणि नेमका तोच कुणालातरी हवा होता.

त्याच दुपारी ते पशुखाद्याच्या दुकानातून मूठभर सरकी घेऊन आले, सुई-दोरा खिशात टाकला आणि कारखान्यात गेले. मीही गेले. पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठ कोरडे, केसांत गवताची काडी. मामंजी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, रजईच्या एका चौकटीचे टाके उसवले आणि म्हणाले, मला तुमचं गाव ठाऊक नाही, तू सांग, विहीर कुठे ठेवू?

पोर बोलेना. त्यांनी आपल्या मनाने एक दाणा ठेवला. तिने बोटाने चाचपला आणि मान हलवली. ही विहीर नाही. त्यांनी काढला, दुसरीकडे ठेवला. नाही. आजीने गावाच्या आठवणीने सांगून पाहिलं, ओढा इकडे, देऊळ तिकडे. नाही. शेवटी पोर रडकुंडीला येऊन म्हणाली, की मला नाही माहीत, आई न्यायची तिथे. मामंजींनी दाणे पुन्हा खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. तिसऱ्या दिवशीही. मी नको म्हणत होते, त्या जमिनीवर बसून त्यांचा खोकला वाढला होता, रात्री तर कुत्रं भुंकावं तसा आवाज यायचा. ते म्हणाले, पोर सिमेंटवर आहे. आजी ती झोपल्यावर तिच्यावर रजई टाकायची आणि ती झोपेतही सारायची. ताप उतरत नव्हता. औषध द्यायला येणाऱ्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं, ही अशीच उघड्यावर राहिली तर मी काही सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी मामंजी नुसतेच बसले होते, सरकी तळहातावर घेऊन. पोरीने हात पुढे केला, एक दाणा उचलला आणि रजईच्या अगदी काठाशी, पायाकडच्या कोपऱ्यात, बोटाने दाबून धरला.

"इथे आई आहे," ती म्हणाली.

मामंजींनी तिथले दोन टाके उसवले, दाणा आत सारला आणि टाका घालून पक्का केला. सुई मी ओवून दिली. पोरीने चाचपून पाहिलं. मान हलवली नाही. मग तिने दुसरा दाणा घेतला आणि आईच्या जरा वर ठेवला. ही मोरी. त्याच्या वर, जिथे सगळ्यांनी एक रात्र काढली ती शाळा. मग जिथे आजीची चप्पल तुटली ती जागा. मग नदी. गाव तिला आठवत नव्हतं, पण गावातून बाहेर पडलेला रस्ता आठवत होता, आणि ती तो उलटा चालत होती. सोळाव्या दाण्याला ती गावाच्या वेशीवर पोचली. सतरावा तिने उशाकडे, मधोमध ठेवला. हे घर. मग ती रजईखाली शिरली. संध्याकाळचे पाच वाजले होते, खिडकीत उजेड होता, आणि ती झोपली.

तिचा ताप पाच-सहा दिवसांत उतरला. मामंजींना चढला. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच गेलेली होती. पडल्या-पडल्याही ते मला विचारत, पुड्या बांधतेस ना? मी बांधत होते. आजही बांधते, आणि सायकलवाला आता काही म्हणत नाही. थंडी सरायला दोन आठवडे उरले असताना ते गेले. त्यांनी स्वतःसाठी भरलेली रजई कारखान्यातल्या एका म्हाताऱ्याला कधीच देऊन टाकली होती, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या अंगावर सरकारी घोंगडी होती.

पुढे त्या सगळ्यांना दुसऱ्या शहरात हलवायचं ठरलं. निघायच्या सकाळी आजी नातीला घेऊन दुकानात आली. मला राहवेना. मी सांगून टाकलं, की दाणे मी जाळले होते, मामंजी खोटं बोलले.

"त्याच दिवशी कळलं होतं," आजी म्हणाली. "तू दिलेला चहा मी घेतला, पण कपबशी परत घेताना ती तुझ्या हातात वाजत होती." आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिथे बसून रडले, दुकान उघडं टाकून, भर बाजारात.

मग तिने सांगितलं, की पोरीला एक दाणा हवाय. डब्यात मामंजींनी आणलेली सरकी शिल्लक होती. पोरीने एक दाणा निवडून घेतला. मी रजई पसरली, सुई ओवली आणि विचारलं, हा कुणाचा?

"बाबांचा," ती म्हणाली. ती मामंजींना बाबा म्हणायची, हे मला माहीत नव्हतं. मी पायाकडच्या कोपऱ्यात, तिच्या आईच्या दाण्याला लागूनच सुई टेकवली.

तिने माझा हात धरून बाजूला सरकवला. "जरा लांब," ती म्हणाली. "ते खोकतात. आईची झोप मोडेल."

मी चार बोटं अंतर सोडलं आणि टाका घातला.