अजून ठरलं नाही

समोरच्या घरातली अ‍ॅग्नेस खिडकीच्या काचेवर ‘हो’ असं छापलेला कागद चिकटवत होती. स्कॉटलंडने ब्रिटनमधून बाहेर पडावं की नाही, यावर चार दिवसांनी सार्वमत होतं. मी हात हलवला. एरवी ती लगेच हसते. त्या दिवशी तिने आधी माझ्या कोऱ्या खिडकीकडे पाहिलं.

“तुलाही मत आहे ना?” दार उघडून तिने विचारलं.

“आहे. पण अजून ठरलं नाही,” मी म्हटलं. ते खोटं होतं आणि तिला ते कळलं.

“माझा नवराही असंच म्हणतो. चाळीस वर्षांचा संसार झाला, तरी खरं सांगत नाही. त्याला पेन्शनची धास्ती आहे. मला वाटतं, नातवंडांच्या भल्याबुऱ्याचे निर्णय निदान इथे तरी व्हावेत.”

मला दोघांचंही समजत होतं. माझी भीती वेगळीच होती. निकाल काहीही लागला, तरी हरलेले म्हणणार की माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी घात केला. बारा वर्षं जिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तीही म्हणेल का? असं मनात आलं याचीच मला लाज वाटली. देश दुभंगेल की नाही, ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत मात्र जो तो दुसऱ्याचा चेहरा वाचू लागला होता.

मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रातल्या आडोशात मी एकटीच होते. तरी पेन्सिलीने खूण करताना मी डाव्या हाताने मतपत्रिका झाकून धरली.