बंद पडलेली नाही!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बघू. मध्येच खुदखुदलात तर मी सांगायची थांबेन. मालवणच्या बाजारात भर सकाळी मी जो पराक्रम केला, तो निम्म्या तालुक्याने डोळ्यांनी पाहिला आणि उरलेल्या निम्म्याला पहिल्या निम्म्याने तिखटमीठ लावून सांगितला. तेव्हा लपवून उपयोग काय? एकच म्हणणं आहे माझं. माझी बाजू ऐका, मग काय ते बोला.

साल दोन हजार नऊ. आमचं घर मसुऱ्याच्या वाटेवर, आणि अंगणात गाड्या तीन. पहिली सासऱ्यांची, म्हणजे आबांची जीप. त्यांची चिऱ्यांची खाण होती तेव्हापासूनची. दुसरी एक छोटी लाल गाडी, नवऱ्याने पहिल्या नोकरीत घेतलेली. तिला घरात सगळे 'तांबडी' म्हणतात, गोठ्यातली असावी तशी. आणि तिसरी, नवीकोरी, चंदेरी, हायब्रिड!

नवरा माझा, संदेश, पणजीला नोकरीला. आठवड्याचा पाहुणा. एका शनिवारी तो ही गाडी घेऊन आला आणि तिकडे ठेवायला जागा नाही म्हणून इथेच ठेवून गेला. आबांनी गाडीभोवती फेरी मारली आणि पहिला प्रश्न टाकला, "रे संदेश, लाइट गेली तर चलतली काय?"

आमच्याकडे लाइट असते कमी आणि जाते जास्त. प्रश्न रास्तच होता.

"आबा, वायर लावायची नसते हिला. पेट्रोलवरच चालते. आत बॅटरी आहे, ती ब्रेक मारला की, उतार लागला की आपोआप भरते. आणि सिग्नलला थांबलात की इंजिन आपलं आपण बंद होतं. पाय उचललात की परत चालू. पेट्रोल वाचतं."

"सिग्नल खंय आसत हयसर?" आबा म्हणाले. "ढोरां आडवी इली काय बंद होतली, असा सांग."

त्या दिवसापासून आमच्या घराचं जे काय झालं ते विचारू नका! जे आबा पानाची जुडी आणायलाही जीप काढायचे, ते चार कामं साठल्याशिवाय घराबाहेर पडेनात. जीप आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. हायब्रिडच्या आत एक छोटा पडदा आहे, बॅटरी भरते आहे की संपते आहे ते त्यावर हिरव्या रेघांत दिसतं. आबांना त्या रेघांचं वेडच लागलं. रस्ता जवळचा की लांबचा हे बघणं संपलं, उतार कुठे आहे तेवढं बघायचं! पाहुण्याने एसीचं बटण दाबलं तर म्हणायचे, "काच खाली करा हो, वारो बघा कसो सुटलो हा!" सासूबाई, म्हणजे आई, शेजारी बसून पडद्यावर पहारा ठेवायच्या. "हिरवा कमी झाला हां! पाय काढा, पाय काढा!" आम्हाला सायकलवाले मागे टाकून जायचे आणि जाताना वळून बघायचे, आत कुणी आजारी आहे का म्हणून.

यात माझं काय? माझं असं, की मला ती गाडी हवी होती. पेट्रोलसाठी नव्हे, सईसाठी.

सई आमची चार वर्षांची. मालवणला बालवाडीत रिक्षातून जायची. रिक्षात मुलं इतकी कोंबलेली की दप्तरं बाहेर लटकायची आणि माझी खात्री होती की एखाद्या वळणावर एखादं मूलही लटकतं, ते माझंच. ती पोचल्याचा बाईंचा फोन येईपर्यंत मी घरात नुसती चकरा मारायची. हो, आहे मी घाबरट. आई झाल्यावर घाबरट होत नाही ती कसली आई? पण लायसन्स होतं ना माझ्याकडे! लग्नाआधी सांगलीत काढलेलं, फोटोत दोन वेण्या असलेलं.

"मी सोडणार तिला शाळेत," मी जाहीर केलं.

आबांनी एकदा चालवून बघायला दिली गाडी. आणि पहिल्याच दिवशी बाजारातल्या अरुंद वळणावर समोरून एसटी आली, मी थांबले, आणि इंजिन गप्प! संदेशने सांगितलेलं सगळं डोक्यातून पार धुऊन गेलं. मी काच खाली करून ओरडले, "अहो, गाडी बंद पडली, धक्का मारा कुणीतरी!" पानाच्या टपरीवरचे चौघे धावत आले, वाकले, जोर लावला, तेवढ्यात माझा ब्रेकवरचा पाय उचलला गेला आणि गाडी सुळकन पुढे! मागे बघते तर चौघे एकावर एक.

संध्याकाळपर्यंत बातमी घरी हजर. आबा म्हणाले, "गो मीनल, ह्या तुका जमाचा नाय. रिक्षा बरी आसा."

"जमणार!" मी म्हटलं. आवाज जरा चिरकला, पण म्हटलं.

"मगे ऐक. एक म्हयनो हायब्रिड चलय. एकदाय बंद पडता नये. महिन्यान किल्ली तुझी. पडली तर सई रिक्षान जातली, परत विषय काढूचो नाय."

"कबूल!"

मग मी काय केलं? गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचलं. सगळं. कॉलेजात इतकं वाचलं असतं तर आज कुठल्या कुठे असते! गाडी थांबली की इंजिन का गप्प होतं, परत कसं जागं होतं, तोंडपाठ. आणि मनाशी शपथ घेतली, की परत जन्मात 'बंद पडली' हे शब्द तोंडातून काढणार नाही. टपरीवरचे चौघे मला बघून मुद्दाम अस्तन्या सरसावायचे. "वयनीनू, धक्को?" मी थाटात सांगायची, "बंद पडलेली नाही, पेट्रोल वाचवते आहे!" आणि पाय उचलून भुर्रकन निघून जायची. काय सांगू, त्या महिन्यात मी मालवणात राणीसारखी हिंडले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, माझा सगळा बचाव हिच्यावरच उभा आहे. हायब्रिडला क्लच नसतो. तुमचा उजवा पाय राबतो आणि डावा पाय जावयासारखा नुसता बसून असतो. महिनाभर बसवलेला जावई ऐन वेळी उठून कामाला लागेल का? सांगा तुम्हीच!

महिना संपत आला होता. त्या दिवशी आबा पहाटेच एका पाहुण्याला सोडायला कुडाळ स्टेशनवर गेले, अर्थात हायब्रिड घेऊन. खुंटीवर उरली तांबडीची किल्ली. मी म्हटलं, चालेल. आईंना मासे घ्यायचे होते, त्या पुढे बसल्या, सई मागे. निघताना क्लच आठवणीने दाबला, गिअर टाकले, पण पुढे रस्ताभर माझ्या डोक्यात एकच, सईला रात्री खोकला होता, बाईंना औषधाचं सांगायला हवं, सरबत देऊ नका म्हणायला हवं, खिडकी बंद ठेवा म्हणायला हवं...

आणि बाजारातल्या त्याच वळणावर समोरून एसटी आली. मी ब्रेक मारला. क्लच? कसला क्लच! जावई परत बसलेला. गाडीला एक हिसका बसला आणि इंजिन गप्प.

मला मनातून बरं वाटलं. वाचलं पेट्रोल.

एसटी गेली. मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि वाट बघत बसले. मागून मासळीचा टेंपो पों पों करायला लागला.

"ओ वयनीनू, काढा की गाडी!"

"एक मिनिट हो!" मी परत ब्रेक दाबला, परत सोडला. पुस्तकात होतंच तसं.

टपरीवरचे चौघे उठून आले. "बंद पडली काय वयनी?"

आता तुम्हीच विचार करा. त्या चौघांसमोर? महिन्याच्या शेवटी? मी काच पूर्ण खाली केली. "बंद पडलेली नाही! हायब्रिड आहे. पेट्रोल वाचवते आहे!"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

"गो मीनल..." आई म्हणाल्या.

"आई, तुम्ही थांबा जरा. यांना एकदा नीट समजावून सांगायलाच हवं!"

आणि मी सांगितलं की हो! ब्रेक मारल्यावर बॅटरी कशी भरते, इंजिन कसं झोपतं, परदेशात लोक कसे शांत बसतात, आपल्याकडेच कसा धीर नाही. टेंपोवाला खाली उतरला. डोक्यावर टोपली घेतलेली एक मासेवाली माझ्या खिडकीशी थांबून मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाय माझे, ता सगळा खरा. पण ही अजून किती वाचवतली? माझे बांगडे नरम पडले."

"आई, ही तर..." मागून सई.

"सई, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही!"

टेंपोवाला खिडकीशी वाकला. अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "वयनी, तुमची हायब्रिड चंदेरी ना?"

"हो. मग?"

"ही तांबडी आसा."

मी समोर बघितलं. बोनेट लाल. डावीकडे बघितलं. आई खिडकीबाहेर तोंड करून बसलेल्या, खांदे गदगदा हलत होते. "मी सांगीत होतंय," त्या कशाबशा म्हणाल्या, "तू माका गप बसयलंस."

"आणि हायब्रिड ती थंय आसा!" टपरीवरचा एकजण ओरडला.

मागे वळून बघते तर टेंपोच्या मागे आमची चंदेरी गाडी! कुडाळहून सरळ घरी जायचं सोडून आबा उतारासाठी मालवणावरून वळसा घालून आले होते. आवाज नाही, चाहूल नाही. कधी येऊन उभे राहिले देव जाणे! ते गर्दीतून पुढे आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पडली मगे बंद?"

सईची रिक्षा मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, लटकणाऱ्या दप्तरांसकट. आणि कुठून बळ आलं कोण जाणे, मी दार उघडून रस्त्यात उतरले.

"आबा, अट काय होती?"

"गाडी बंद पडता नये."

"कुठली गाडी? महिनाभर हायब्रिड चालव म्हणालात. ती बघा मागे उभी आहे. माझ्या हातात ती पडली एकदा तरी बंद? ही तांबडी. तांबडीची अट नव्हती!"

आबांनी वळून चंदेरीकडे बघितलं, मग तांबडीकडे.

"आबानू," टेंपोवाला म्हणाला, "मुद्दो बरोबर आसा."

"खरा बोलता ती," मासेवाली म्हणाली. तिला आमच्या अटीतलं ओ की ठो माहीत नव्हतं.

आईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "किल्ली दिया तिका आणि वाट मोकळी करा. सगळे मासे संपाक इले!"

आबांनी माझ्याकडे बघितलं, बाजाराकडे बघितलं. "दिली," ते म्हणाले. "पण आदी ही तरी चालू कर."

मी मान ताठ करून बसले आणि किल्ली फिरवली. गिअर तसाच, क्लच तसाच, जावई तसाच. तांबडीने बेडकासारखी एक उडी मारली आणि परत गप्प झाली. टाळ्या पडल्या. चौघांना अखेर धक्का मारायला मिळाला.

तर अशी मी जिंकले. हो, जिंकलेच! सई रिक्षाने जात नाही, माझ्याबरोबर जाते. हायब्रिड आबांनी पळवली नसेल तर हायब्रिडने, नाहीतर तांबडीने. फक्त वळणावर गाडी थांबून सगळं शांत झालं, की मागच्या सीटवरून ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "आई, वाचवतेय की बंद पडलीये?"

मी ठणकावून उत्तर देते. पण देण्याआधी हळूच बोनेटचा रंग बघून घेते.